जीभ आत

रविवार, ९ जून

वहिनी,

नमस्कार. लेकीच्या घरी आता रुळला असाल. मी ठीक आहे.

आज सकाळी पाण्याची टाकी धुतली. कुंड्यांना पाणी घातलं, इस्त्रीचे कपडे आणले. दुपारी जरा आडवा झालो, पण झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो. फोन करता आला असता. पण फोनवर आपलं कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बोलता, मी 'हं' म्हणतो, आणि थोड्या वेळाने तुम्ही विचारता, "भाऊजी, आहात ना?"

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दादाची खोली आवरली. शर्ट त्याच्या कारखान्याच्या वॉचमनला दिले, त्याला अंगाबरोबर बसले. काळे बूट मी ठेवून घेतले. पुढे थोडे सैल होतात, पण चालतं. खिडकीची कडी लागत नव्हती ती दुरुस्त केली.

जेवणाच्या टेबलावरचं पुठ्ठ्याचं सामान रद्दीवाल्याला द्या, असंही तुम्ही म्हणाला होता. रद्दीवाला येऊन गेला. वर्तमानपत्रं नेली.

शेजारच्या शिंपीणबाई तुमची रोज आठवण काढतात. तुम्ही गेल्यापासून जिन्यात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणतात. मी भेटतो की त्यांना जिन्यात, पण मला त्या धरत नाहीत.

इथवर लिहून उठलो होतो. चहा केला, तो उभ्यानेच प्यायलो आणि परत बसलो. वहिनी, पुठ्ठे इथेच आहेत. रद्दीवाल्याने हात घातला होता त्यांना.

"हे पण घेऊ ना?"

"नको."

"मग निरोप कशाला धाडलात? चार वर्तमानपत्रांसाठी दोन जिने चढलो होय मी?"

मी पुठ्ठ्यांचा ट्रे माझ्याकडे ओढला.

"काय, घर बांधताय की काय?"

मी 'हो' म्हणून बसलो. तोंडातून गेलं आणि मग बांधायला घ्यावंच लागलं.

ते टेबल तुम्हाला बघवत नाही, हे मला कळतं. दादा गेला त्या सकाळी डिंकाचा ब्रश हातात घेऊन तो तिथेच बसला होता आणि तुम्ही चहा घेऊन गेला होता. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की मीही त्या दिवसापासून टेबलाशी बसलेलो नव्हतो. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून जेवत होतो.

त्या पुठ्ठ्यांतून दादा किल्ला करत होता, त्याच्या चार भिंती त्याने उभ्या केल्या होत्या. दरवाजा आणि बुरूज कापून ट्रेमध्ये सपाट ठेवले होते. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने 'पूर्व', 'दार', 'बुरूज डावा' असं लिहिलेलं. मला वाटलं, आपण जन्मभर नकाशे गिरवले, आपल्याला काय अवघड आहे. पण गिरवताना कागद आडवाच राहतो, तो उभा करायची वेळ येत नाही.

डिंक लावायची कड असते ना, तिला दादाच्या खोक्यांच्या कारखान्यात जीभ म्हणायचे. जोडताना जीभ आत जायला हवी, म्हणजे बाहेरून नुसती भिंत दिसते. दादा मला चिडवायचा ते आठवतं? "ह्या घुम्याला बघा. जीभ कायम आत. म्हणून भिंतीसारखा सरळ, आणि भिंतीइतकाच बोलका!" आणि तुम्ही म्हणायचात, "आणि माझी?" तो म्हणायचा, "तुझ्या जिभेला अजून डिंक निघायचाय."

गेल्या रविवारी मी डावा बुरूज जोडला. पेन्सिलची खूण दिसायला हवी म्हणून ती बाजू वर धरली आणि तशीच गोल वळवली. खुणा आतल्या बाजूला असतात हे लक्षातच आलं नाही. वाळल्यावर चिमटे काढले तर सगळ्या जिभा बाहेर! अख्खा बुरूज मला चारी बाजूंनी जीभ काढून दाखवत उभा.

वहिनी, मी हसलो. मोठ्याने, एकटाच. थांबता येईना, आणि मग ते हसणं नुसतं हसणंही राहिलं नाही. शिंपीणबाई दार वाजवत आल्या.

"कोण आलंय हो?"

"कोणी नाही."

"मग हसतंय कोण?"

"मी."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगंबाई! इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहते, तुमचा आवाज आज ऐकला." मग बुरूज बघून म्हणाल्या, "उलटं शिवलंत की. उसवून द्या."

मी म्हटलं, "राहू दे."

आणि राहू दिलाय. उजवा बुरूज मात्र नीट जमला. दरवाजा उघडतो आणि मिटतोही. तुम्ही बघितलात तर नावं ठेवाल, पण किल्ला उभा आहे.

ट्रेमध्ये शेवटी एकच तुकडा उरला. त्याच्यावर खूण नव्हती. बोटभर लांब, दोन घड्या घातलेला, खाली दोन पाय. पायरी म्हणून लावून बघितला, कौल म्हणून बघितला. कुठेच बसेना. आज टाकी धुताना एकदम लक्षात आलं. टेबल अडवलं म्हणून तुम्ही चिडला होता ना? "आम्ही जेवायचं कुठे? खंदकात?" आणि दादा म्हणाला होता, "राणीसरकारांनी तटावर बसावं."

ते बाक आहे, वहिनी. त्याने खरंच कापून ठेवलं होतं.

मी ते चिकटवलेलं नाही. तटावर कुठे बसायचं ते तुम्हीच दाखवायला हवं. माझी जीभ आत असते, त्यामुळे तुम्ही जाताना 'जाऊ नका' म्हणायचं राहून गेलं. आज लिहितो. घर फार गप्प आहे. मला सवय असायला हवी होती, पण ही शांतता माझीसुद्धा नाही. या. कायमच्या नाही तर चार दिवस या. किल्ला बघवला नाही तर तुमच्यासमोर रद्दीवाल्याला बोलावेन. तो कुरकुरेल, पण येईल.

जेवणापुरता टेबलाचा एक कोपरा पुसून घेतला आहे. दुसराही पुसता येईल.

पाकिटालाही जीभ असते, आज लक्षात आलं. तेवढी एकच आता आत घालतो. मग दादाचे बूट घालतो आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून येतो.

तुमचा,
घुम्या