क्लिफच्या जागी

प्रिय नॉर्मन,

साउदॅम्प्टनहून तू टाकलेलं कार्ड मिळालं. जहाजावरच्या बँडमध्ये तुझं बरं चाललंय हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे शेफील्ड आहे तसंच आहे. धूर तोच आणि शनिवारी नाचाच्या हॉलसमोरची रांगही तीच. बरा नाहीये तो तुझा मेहुणा, माझा क्लिफ.

युद्धावरून परतल्यापासून क्लिफ हॅलमसाहेबांच्या बँडमध्ये ड्रमवर बसतोय. पुढे उभे राहून भाव खायचे ते ट्रम्पेटवाले, पण सोळाही जणांचे कान मागे क्लिफकडे लागलेले असायचे. लंडनहून बोलावणं आलं तरी गेला नाही. आजारी पडलं की आपला बदली माणूस आपणच पाठवायचा, हा तुम्हा बँडवाल्यांचा रिवाज. आणि तो आपल्यापेक्षा सरस नसावा, हे न बोलता सगळ्यांनी पाळायचं! म्हणून तर न्यूमोनिया झाला तेव्हा याने पिट्समूरचा तो ठोंब्या पाठवला. तू, त्याचा सख्खा मेहुणा, स्वतः ड्रम वाजवणारा, घरात रिकामा बसला होतास. तू रागावून जहाज गाठलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण तेव्हापासून आपल्या घरात नाताळ असा झालाच नाही.

आता त्याचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार, पुढे पायांतही उतरणार. कपबशी वाजते म्हणून तो मगातून चहा पितो आणि मला कळत नाही असं समजतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. बँडवाले बिचारे सांभाळून घेतात. डबल बासवाला आर्नल्ड त्याचा चुकलेला ताल झाकायला मुद्दाम जोरात वाजवतो. पण गेल्या शनिवारी जलद नाच ऐन रंगात असताना क्लिफच्या हातातून काठी उडाली, ताल तुटला आणि जोडपी एकमेकांवर आदळली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हॅलमसाहेब त्याला कधीच काढणार नाहीत. त्यालाच उठावं लागेल, आणि तेच त्याला जमत नव्हतं.

रविवारी जेवताना मी त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "विनी, नॉर्मनला बोलव. माझ्या बदली."

मी म्हटलं, "अरे, तो तुझ्यापेक्षा चांगला वाजवतो."

"म्हणून तर. माझ्या जागेवर कुणीही ऐरागैरा नको. आणि मी असं म्हणालो हे त्याला सांगू नकोस हं."

नॉर्मन, इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणून सांगतेय.

जहाज सुटण्याआधी एका शनिवारी ये. हॅलमसाहेबांशी मी बोलले आहे. ड्रम क्लिफ स्वतःच मांडून देईल, तेवढं त्याला करू दे. आणि एक तरी संथ वॉल्ट्झ वाजव, माझ्यासाठी. लग्न झाल्यापासून त्या हॉलमध्ये मी दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांबरोबर नाचत आले. माझा नवरा वर ड्रममागे बसलेला असायचा. त्याच्या पायांत बळ आहे तोवर मला एकदा त्याच्याबरोबर नाचायचंय.

तुझी बहीण,
विनी