माझ्या अक्षराचा फॉन्ट

३ एप्रिल
शाळेच्या ऑफिसात सतरा वर्षं कारकुनी केली, पण अक्षराचं चीज झालं नाही. मोठ्या बाई तीस तारखेला रिटायर होताहेत. त्यांचं मानपत्र माझ्याच अक्षरात छापणार. स्वतःचा फॉन्ट करणार! बाईंनी माझे कितीतरी अर्ज 'वाचता येत नाही' म्हणून परत केले. आता कळेल. बायको म्हणाली, त्यापेक्षा अक्षर सुधारा. कलेतलं तिला काही कळत नाही.

९ एप्रिल
रोज दहा अक्षरं काढायचीच. आज दोन झाली: अ आणि आ. आ म्हणजे अ-ला काना, पण मेहनत ती मेहनतच.

१८ एप्रिल
सगळी अक्षरं (दमून घाईत) काढून स्कॅन केली. कॉम्प्युटरच्या मॅडमनी विचारलं, घ आणि ध सारखेच का? म्हटलं, संदर्भाने कळतात.

२४ एप्रिल
फॉन्ट लेझर प्रिंटरमध्ये डाउनलोड होईना. मेमरी फुल्ल म्हणे! जोडाक्षरं गाळली. ज्ञ-वाचून कुणाचं अडतं? तिसऱ्या खेपेला गेला एकदाचा. नमुना काढला. शिपाईमामांनी विचारलं, शाई सांडली का?

२९ एप्रिल, सायं. ५
प्रिंटर तापला होता. बिचाऱ्याला दहा मिनिटं बंद करून विश्रांती दिली. मग मानपत्र छापलं आणि बघतच राहिलो. एकेक अक्षर मोत्यासारखं! मी इतकं सुंदर लिहितो हे मलाच माहीत नव्हतं. गाळलेला ज्ञसुद्धा आला. फॉन्ट हुशार निघाला.

३० एप्रिल
समारंभ झाला. बाईंनी मानपत्र न अडखळता वाचलं. म्हणाल्या, "काय अक्षर सुधारलंय तुमचं!" बायकोनेही टाळ्या वाजवल्या.

मग मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, प्रिंटर बंद केला की डाउनलोड केलेला फॉन्ट पुसला जातो. छापलं ते प्रिंटरने स्वतःच्या अक्षरात. म्हटलं, जरा हळू बोला.

तेवढ्यात बाई वही घेऊन आल्या. आठवण म्हणून याच अक्षरात एक ओळ हवी होती. पळता येईना. अगदी मनापासून लिहिलं: बाई, तुमची फार आठवण येईल.

बाईंनी चष्मा पुसला. वही लांब धरली, जवळ धरली. "वाई... तुमची... फार... गाठवण?"

शेवटी मीच वाचून दाखवलं. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वही पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "हं, हे मात्र तुम्हीच लिहिलंय."