महाल त्यांचा, पोकळी आमची

प्रिय लेओंतीनताई,

सगळ्यात आधी कोण आलं असेल? नवऱ्यामुलाचा बाप, गोंत्रानसाहेब! एकटे, पायी, घामाघूम, कारण त्यांची पॅरिसची लांबलचक गाडी आमच्या चढावरच्या गल्लीत बुचासारखी बसली. (गावाला आठवडाभर पुरेल एवढी करमणूक झाली.) मागून आमच्या सोलेनची होणारी सासू, मादाम एदविज, उंच टाचांच्या चपला हातात घेऊन. थांब, आधी रीतीनं विचारते. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? सगळ्यांच्या दोन्ही गालांचे मुके. मी ठणठणीत. नुसती ठणठणीत कसली, जिंकून आलेय!

तुला ठाऊकच आहे, सोलेन आईवेगळी पोर, माझ्या मांडीवर वाढली. तिचं लग्न आपल्या टेकडीतल्या गुहेत व्हावं, जिथे तुझं झालं, माझं झालं, एवढंच माझं मागणं. एदविजबाईंनी मात्र पॅरिसचं हॉटेल आधीच बघून ठेवलेलं. गुहेच्या दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "इथे वटवाघळांची पंगत बसेल, माझ्या पाहुण्यांची नाही." आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी गिळलं. म्हटलं, आधी यांना राजांचे महाल दाखवू, मन जरा मोठं होईल, मग विषय काढू. (मी स्वतः जन्मात एकही महाल आतून पाहिलेला नाही, हे कशाला सांगा? आपल्यापैकी पाहिलाय कुणी? ते पाहुण्यांसाठी असतात.)

सकाळी शेनोंसो, तो नदीवर बांधलेला महाल. तिथे गोंत्रानसाहेबांची टोपी वाऱ्यानं नदीत गेली, आणि तिला निरोप द्यायला ते खिडकीतून इतके वाकले की मी त्यांचा पट्टा धरून उभी. पुढच्या महालात एदविजबाई म्हणाल्या, "राजाची खाट एवढीशी?" मी ठोकून दिलं, "त्या दिवसांत राणीशी बोलणं बंद होतं." मागची दोन माणसं ते लिहून घेत होती गं!

दुपारी शाँबोरच्या महालाबाहेर गवतावर बसून जेवण काढलं. आपल्या शेळीच्या दुधाचं लांबट चीज, मधून काडी घातलेलं. बाईंनी सुरी उचलली आणि बारीक टोकाकडून कापायला घेतलं. ताई, बारीक टोकाकडून! म्हणजे शेळीचे सडच कापणं, दूध आटायचं बिचारीचं. माझ्या हातानं माझं ऐकलंच नाही, सुरी हिसकावली. बाई उठल्या, फणकाऱ्यानं तडक महालात. मी चीज काखेत मारून मागे.

आता तिथला जिना म्हणजे दिसायला एक, पण आहेत दोन, वेलींसारखे एकमेकांभोवती गुंडाळलेले. एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याला झरोक्यांतून दिसतो, पण हाताला लागत नाही. मी घुसले नेमकी दुसऱ्यावर.

"अहो विहीणबाई, थांबा! माफी मागायचीय!"

"चीज काखेत घेऊन?"

"तुमच्या हाती ठेवलं असतं तर शेळी मेली असती!"

"हॉटेल ठरलंय, ओर्तांसबाई!"

"मोडा!"

"तुमच्या त्या बिळात जागा तरी आहे का?"

असं झरोक्यामागून झरोका, वर वर वर. लोक चढायचे थांबले. मग माझ्या तोंडून काय निघालं, मलाच माहीत नाही. "अहो, हे सगळे महाल आमच्यासारख्यांच्या टेकड्यांतला दगड खणून बांधलेत! महाल निघाल्यावर जी पोकळी उरली, तिच्यात आम्ही राहतो! आणि मला विचारता जागा आहे का?"

टाळ्या पडल्या, ताई. राणीला पडल्या नसतील अशा. बाई कठड्याला टेकल्या. (मला वाटलं पटलं. त्यांना धाप लागली होती.)

गच्चीवर ऑगस्टचं ऊन. धुरांड्यांचं रान, पण सावली म्हणून टीचभर नाही, दगड नुसता भट्टी. बाई पांढऱ्याफटक. गोंत्रानसाहेबांनी आणि मी धरून उतरवलं, घरी आणलं, आणि मी विचारत बसले नाही, सरळ गुहेत नेऊन बसवलं. बाईंनी गार दगडाला पाठ टेकली. मग हळूच म्हणाल्या, "ओर्तांसबाई, शाल आहे का हो?"

ऑगस्टमध्ये! शाल!

शाल पांघरून, वाईनचा घोट घेऊन बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणी पॅरिसच्या उन्हाळ्यात विरघळतील. इथेच करू." सोलेन रडली, मी रडले, आणि गोंत्रानसाहेब नाचाची जागा पावलांनी मोजायला लागले.

तुझी धाकटी,
ओर्तांस

ता. क. लोण्याच्या सॉसमधला मासा तूच करणार आहेस, असं मी सांगून टाकलंय. तुझ्यासारखा कुणाला जमतो?

ता. क. दुसरा. गोंत्रानसाहेब मोजत मोजत खडूच्या रेघेपलीकडे गेले, म्हणजे बाबांनी तुझ्या वाट्याला दिलेल्या आतल्या अर्ध्यात, जिथे तुझी पिंपं आहेत. माझ्या अर्ध्यात फक्त वऱ्हाड मावतं, नाच नाही. त्यांनी विचारलं, हेही तुमचंच ना? मी म्हटलं, आमचंच. खोटं कुठे आहे? तेव्हा हो म्हण गं ताई, आणि पिंपं हलवायला भावोजींना पाठव.

ता. क. तिसरा. जरा लवकर पाठव. द्राक्षांची तोडणी संपली की पहिल्याच रविवारी विहीणबाई आणि साहेब परत येतो म्हणालेत, जागा दाखवायला बाईंच्या बहिणींनाही घेऊन.