चार बोटं बाजूला

३ फेब्रुवारी
लेक बॉक्सिंगहून आली ती डावा गाल टम्म सुजवून. सोळा वर्षांच्या मुलीचा असा गाल कोणत्या बापाला बघवेल. तिचे मास्तर म्हणे वैतागले होते. हात झकास चालतात, पण डोकं खांबासारखं उभं. अठ्ठावीसला निवड चाचणी. मास्तरांना जमत नसेल तर मलाच लक्ष घालावं लागणार. दोन तास व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे. ठोसा येतो तिथे आपलं डोकं नसलं म्हणजे झालं.
निश्चय: उद्यापासून मोठ्यांची सकाळी सहाची बॅच. आधी स्वतः शिकायचं, मग तिला तयार करायचं.

४ फेब्रुवारी, सकाळी ९
सहा चाळीसला पोचलो. पहिलाच दिवस, बूट सापडेनात. मास्तरांनी आरशापुढे उभं केलं. हनुवटी खाली, गुडघे सैल, डोकं फक्त चार बोटं बाजूला. चारच का, असं विचारलं. म्हणाले, त्याहून जास्त हललात की तोल जातो. मी वीतभर हलवतो. अठरा वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय, सेफ्टी मार्जिन मला कळतं.

५ फेब्रुवारी
खाडा. मान आखडली.

८ फेब्रुवारी
पॅसेजमध्ये छातीच्या उंचीवर दोरी बांधली. तिच्याखालून वाकत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, असं पुढे जायचं. तीन फेऱ्या उत्तम. पाणी पिऊन आलो आणि चौथ्या फेरीत तोंडावर ओला टॉवेल. मधल्या वेळात बायकोने दोरीवर कपडे वाळत घातले होते. तक्रार केली तर म्हणाली, टॉवेल तर जागचा हललाही नव्हता.

१२ फेब्रुवारी
शिकवणीच्या गाडीतही सराव. समोरून येणारी प्रत्येक गाडी म्हणजे ठोसा. आजच्या शिकाऊ बाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे नीट निरीक्षण करतात. माझं डोकं डावीकडे गेलं की मी वळायची खूण करतोय, असं त्यांनी ताडलं. वन-वेमध्ये उलटे शिरलो. माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. रिफ्लेक्स सुधारल्याचा हा पुरावाच. बाईंनी दुसरा शिक्षक मागितलाय.

१६ फेब्रुवारी
टेस्ट. मास्तरांकडे फोमची लांब कांडी आहे. तीस वेळा माझ्या चेहऱ्याकडे आणली, सत्तावीस वेळा लागली. म्हणजे तीन वेळा चुकवली. त्यातल्या एका वेळी मी शिंकलो होतो, पण डोकं हललं ते हललंच. मास्तर म्हणाले, तुम्ही डोळे मिटता. मी म्हटलं, ती एकाग्रता आहे. त्यांनी कांडी भिंतीला टेकवून ठेवली आणि चहा घ्यायला गेले.

१९ फेब्रुवारी
लेकीला म्हटलं, माझ्याशी एक राउंड खेळ, बचाव काय असतो ते समजेल. तीनदा नाही म्हणाली. बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढते. ती म्हणाली, परवा माझी सकाळची ड्युटी आहे, त्या हिशोबाने काय ते करा. हिला माझ्यावर विश्वास नाही. शेवटी लेक तयार झाली.

२१ फेब्रुवारी, दुपारी १
एक्स-रे बायकोनेच काढला. नाकाच्या हाडाला बारीक तडा. राउंड साधारण बारा सेकंद चालला. डावा हात मी व्यवस्थित चुकवला. वीतभर बाजूला गेलो, आणि तिथे तिचा उजवा हात आधीच येत होता. फिल्म दिव्यापुढे धरून बायको म्हणाली, नाक खुपसायची सवय कधीतरी अशी दिसणारच होती.
लेक माझ्यापेक्षा जास्त रडली.

२३ फेब्रुवारी
लेक दोन दिवस सरावाला गेली नाही. ग्लोव्ह्ज कपाटावर टाकलेत. मला कोणाला मारायचंच नाही म्हणते. माझ्या बचावाचा तिने धसका घेतला असावा.
बायकोला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, अहो, बापाचं नाक आपण फोडलं असं वाटतंय तिला. खरं काय झालं ते तुम्हीच सांगा.
खरं काय झालं ते या वहीतही नीट लिहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी
सांगितलं. तुझा ठोसा योग्य जागी होता, माझं डोकं मीच तिथे नेऊन ठेवलं. तिने विचारलं, बाबा, डोळे मिटले होते का. मी म्हटलं, सुरुवातीपासून. पहिली घंटा ऐकली तेव्हाच मिटले. ती हसली. इतकी हसली की खुर्चीवर बसावं लागलं. मीही हसलो. नाक फार दुखलं.
संध्याकाळी ग्लोव्ह्ज घेऊन गेली.

२८ फेब्रुवारी
निवड झाली. तीन राउंड, चेहऱ्याला एकच ठोसा लागला. डोकं असं हलत होतं की बघत राहावं. चार बोटं, फार तर पाच. शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, घरीच तयारी झाली. त्यांनी माझ्या नाकावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी सरकवली.

२ मार्च
मास्तरांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, माझ्या सूचना हव्या असतील. म्हणाले, नाक बरं होईपर्यंत तुम्ही रिंगबाहेर बसा, संध्याकाळच्या बॅचला घंटा वाजवा. जबाबदारीचं काम आहे. राउंड दोन मिनिटांचा, मग घंटा.
आज पहिलाच राउंड लेकीचा होता. बघत बसलो. चार मिनिटं झाली तेव्हा दोघीजणी थांबून माझ्याकडे बघत होत्या.
उद्यापासून घंटेचं काम मास्तर स्वतः बघणार आहेत.