तिसऱ्या पुलावरचा ससा

सातारा
४ मे १९९९

सौ. लीलाताई यांस,
क्षमाचा स. न. वि. वि.

ओवी सुखरूप पोहोचल्याचं लेकीने, श्रद्धाने कळवलं. दर मे महिन्यात माझी नात फलटणहून आधी आजोळी, माझ्याकडे यायची. यंदा तुमच्याकडे संगणक आला, म्हणून तिकडेच राहीन म्हणाली. राहू दे. तुम्हीही तिची आजीच.

आमचा टीव्ही गेम दिवाळीत बिघडला. त्यातला सशाचा खेळ आम्ही दोघी खेळायचो. बाकी उड्या तिच्या, तिसरा पूल माझा. जेवायला उठलो तरी यंत्र चालूच ठेवायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तोच खेळ म्हणे जावईबापूंनी तुमच्या संगणकावर बसवलाय. संगणक जुन्या यंत्राचं सोंग घेतो. पण सोंग ते सोंगच, नाही का?

कैऱ्या पाठवते आहे. ओवी माझी आठवण काढते का, हे विचारत नाही. आपण होऊन लिहिलंत तर वाचीन.

स्नेह आहे, तो तिकडूनही यावा.
आपली,
क्षमा


विश्रामबाग, सांगली
९ मे १९९९

श्रीमती क्षमाताई यांस,
लीलाचा स. न. वि. वि.

कैऱ्या पोचल्या. आंबट होत्या, पत्राइतक्या नाहीत!

सोंग हुबेहूब वठलंय, विहीणबाई. शिवाय थांबू तिथली जागा राखून ठेवता येते. जेवून या, तिथूनच पुढे.

आता खरं सांगते. ओवीने तिसऱ्या पुलापाशी जागा राखली आणि पुढे जाईना. हा पूल सातारच्या आजीचा, म्हणाली. मला लय झोंबलं. दुपारी ती झोपल्यावर मीच खेळायला बसले. ससा पाण्यात पडला आणि घाईत मी नेमकी तीच जागा राखली, ओवीची पुसून. आता उघडावं तेव्हा तो बुडतच असतो. पोरगी रडली नाही. पहिल्यापासून खेळून पुन्हा पुलापाशी आली आणि मला म्हणाली, आजी, तू हात लावू नकोस.

तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलेल्या, मुद्देसूद लिहिता. पूल कसा ओलांडायचा ते लिहून धाडा, मी पाठ करीन. नात माझ्याजवळ राहते, पण वाट तुमची बघते हो.

राग नसावा, उत्तर असावं.
लीला


सातारा
१३ मे १९९९

सौ. लीलाताई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा आनंद झाला. लाज नंतर वाटली.

पूल कसा ओलांडायचा ते लिहायला बसले. कुठल्या फळीवर थांबायचं, उडी कधी मारायची, सगळं आकृती काढून लिहिलं. मग वाटलं, हे तुम्ही दोन दिवसांत पाठ कराल, आणि ओवीचं साताऱ्यावाचून काही अडणार नाही. कागद फाडून टाकला. इतकं मोठं मन माझं नाही.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येते. तिसरा पूल मीच ओलांडीन. तुम्ही शेजारी बसून माझे हात बघा. ओवीसमोरच शिकवीन, म्हणजे कोणी शिकवलं ते तिला ठाऊक राहील.

त्यापुढे चौथा पूल आहे म्हणतात. तिथवर मी कधी पोहोचले नाही. तो तुम्ही घ्या.

लोभ तुम्ही करावा. मत्सर माझ्याकडे पुरेसा आहे.
तुमची,
क्षमा