वरातीचा घोडा आणि माझी मेथी

ती. दादास,

माझे मेथीचे चार वाफे तुमच्या विश्वजीतनं पार तुडवले, ते आधी लिहिते, नमस्कार मागाहून घ्या. (गुडघा कसा आहे? वहिनी तेल लावतात का, का नुसतं म्हणतात?)

तिशीचा बाप्या झाला, अन् मित्रांकडून वर्गणी काढून गोऱ्यांसारखा टोपी-पिस्तुलाचा सिनेमा काढायला ह्याला आत्याचंच रान दिसलं. धायरीत एवढाच तुकडा बिल्डरपासून वाचवलेला, तिथं ह्यानं अमेरिका मांडली. घोडा आणला तो वरातीचा. (दुसरा परवडत नव्हता.) मी म्हटलं, अरे, बँड वाजला की हा नाचणार. तर म्हणे, "आत्या, तुला सिनेमातलं काय कळतंय?" सिनेमातलं नाही कळत, घोड्यातलं कळतं. हिरो बापाच्या खुनाचा सूड घ्यायला पिस्तूल रोखून घोड्यावर बसला, अन् शेजारच्या कार्यालयातनं वरात निघाली. घोडा लागला नाचायला. नाचत नाचत माझ्या मेथीत. मी विळा घेऊन धावले, तेही कॅमेऱ्यात गेलं. परत काढायला पैसे कुठले, सगळं तसंच ठेवलं.

तुम्ही त्याला बजावलेलं, पेपरवाल्यांनी नावाजलं नाही तर सोमवारपासून खराडीच्या कंपनीत. परवा छापून आलं, माझ्या तनुजानं वाचून दाखवलं. एक म्हणतो, हिरोपेक्षा टोपीनं बरं काम केलंय. दुसरा विचारतो, ही सूडकथा का कुणाच्या लग्नाची सीडी? मी देवापुढं साखर ठेवली. सुटलो आपण, दादा! पोरगं मार्गाला लागलं, माझं रान मोकळं झालं.

तुमची,
मथुरा

ता. क. तिसऱ्या पेपराचं राहिलंच. तो लिहितो, अख्ख्या सिनेमात खरी दहशत एकाच चेहऱ्याची आहे, विळा घेऊन धावणाऱ्या बाईच्या. कापून ठेवलंय. काल मंडईत माझी भाजी घेणारा गाळेवाला आपणहून "या ताई, बसा" म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ता. क. आणखी. पुढच्या सिनेमात डाकूंची सरदार बाई आहे, असं विश्वजीत म्हणतो. मेथी काय, परत पेरता येते. तेव्हा ते खराडीचं तूर्त थांबवा. तुमच्या शब्दाबाहेर तो जायचा नाही, म्हणून तुम्हीच सांगा. शनिवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. नाहीतर रविवारी मी तिकडं येते, विळा घेऊन.