चौदा कोरी कार्डं

कोल्हापूर

अज्जा,

तीन वर्षं खेटे घातल्यावर तुमचे हवाई दलातले कागद मिळाले. महायुद्धात तुम्ही ब्रह्मदेशात विमानांना बॉम्ब लावत हुतासा. त्यातला एक चुकून भरल्या बाजारात पडला. चौदा माणसं फाटली. हातपाय झाडांना लटकले. आणि घरात मुंगी मारली तर आम्हाला झोडपायचासा!

दर क्षमावणीला, पर्युषण संपलं की, तुम्ही सगळ्या पावण्यांना माफीची कार्डं लिहायचासा. चौदा बिनपत्त्याची ठेवायचासा. विसरलासा म्हणून मीच मामा-काकांचे पत्ते घालून ती टपालपेटीत टाकली, तर "ती त्यांची हाईत!" म्हणत तुम्ही माझं डोकं भिंतीवर आपटलंसा. कुणाची, ते मरेपर्यंत बोलला न्हाईसा.

टाक्यांचा व्रण अजून हाय.

उत्तम क्षमा, अज्जा. ह्या कार्डावरबी पत्त्याची जागा कोरीच हाय.

तुमची नात,
आदिती